टोपीखालची खूण

क्लबच्या स्मरणिकेच्या एकोणिसाव्या पानावर असे छापले आहे की, आपल्याच एका माणसाने उचललेल्या निशाणामुळे आमचा क्लब वरच्या गटात जाता जाता राहिला. त्या माणसाचे नाव छापलेले नाही. याला कोणी सौजन्य समजू नये. अकोल्यात ज्याला फुटबॉल ठाऊक आहे त्याला ते नाव ठाऊक आहे. आणि नाव न घेता माणूस ओळखता यावा अशी सोय केली, म्हणजे आरोप होतो आणि उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. मीही येथे त्यांचे नाव लिहिणार नाही. माझे कारण वेगळे आहे. कागदावर कोणाचेही नाव घालण्याआधी ते त्या माणसाला विचारत, आणि आता विचारायला ते उरलेले नाहीत.

त्या काळात क्लबचा अध्यक्ष मी होतो. स्मरणिकेत माझेही छायाचित्र आहे, आणि त्याखाली माझ्या 'खंबीर नेतृत्वा'विषयी चार ओळी आहेत. त्याही चुकीच्या आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

निशाण उचलणारे ते गृहस्थ भूकरमापक होते. भूमी अभिलेखच्या नोकरीत पातूर, बाळापूर, बार्शीटाकळी या तालुक्यांतले बांध मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले. सख्खे भाऊ बांधाच्या दोन बाजूंना काठ्या घेऊन उभे आहेत आणि मधोमध हा किडकिडीत माणूस साखळी टाकतो आहे, हे दृश्य त्या भागातल्या अनेकांनी पाहिलेले आहे. "माणसाच्या जिभेले हद्द नसते, म्हणून दगड पुरा लागते," असे ते म्हणत. निवृत्त झाल्यावर ते आमच्या मैदानाच्या रेषा आखू लागले. स्मरणिका म्हणते, क्लबने त्यांना हे काम 'दिले'. कोणीही दिले नाही. एका रविवारी सामना चालू असताना ते आत चालत आले, गोलपोस्टपाशी उभे राहिले आणि रेफ्रीला म्हणाले, "हे मैदान चौकोनी नाई." सामना थांबला. लोक हसले. पुढच्या रविवारी सकाळी सातला ते साखळी, खुंट्या आणि चुन्याची पाटी घेऊन हजर होते. मोजले, तेव्हा मैदानाची एक बाजू दुसरीपेक्षा पाच पावले आखूड निघाली. आम्ही त्या तिरक्या मैदानावर वर्षानुवर्षे खेळत होतो आणि कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

आमचे मैदान मोर्णा नदीच्या बाजूला, निखळ काळ्या मातीचे आहे. पावसात ती माती फुगते, दिवाळीनंतर तिला भेगा पडतात, आणि ठोकलेली खुंटी महिन्याभरात जागा सोडते. त्यामुळे ते दर रविवारी मैदान नव्याने मोजत. साखळीचे एक टोक त्यांच्या हाती, आणि दुसरे टोक धरायला प्रेक्षकांतला एक जण, पाळीने. ही पाळी त्यांनीच लावली होती. बाजार समितीतले हमाल, कापसाच्या जिनिंगचे कामगार, शाळामास्तर, रिक्षावाले, कोणीही असो, ज्याची पाळी त्याने सातला यायचे. टोक धरणाऱ्याला ते दर वेळी एकच वाक्य सांगत: "ताठ धरा, ओढू नका." ज्याने सकाळी साखळी धरली तो दिवसभर मैदान आपल्या सातबाऱ्यात असल्यासारखा रेषेवर उभा राहायचा. माझी पाळी आली की मी कोणाला तरी माझ्या जागी धरायला लावत असे. अध्यक्षाने वाकून साखळी धरणे मला बरे दिसत नसे.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचाच पुरावा त्यांच्याविरुद्ध वापरला गेला. मोजणीच्या दिवशी ते कोणाच्या घरचे पाणी पीत नसत. भाकर आपली, पाण्याची बाटली आपली. आमच्या खालच्या गटात प्रत्येक संघाने आपला एक लाइनमन द्यायचा असे; आमचा लाइनमन तेच. सामन्याच्या दिवशी ते आमच्या क्लबचा चहासुद्धा घेत नसत. मी एकदा याचे कारण विचारले. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती आणि ते स्वतः घरातले पहिले सरकारी नोकर, हे मला ठाऊक होते, तरी विचारले. ते म्हणाले, "नोकरीच्या सुरुवातीले मले गावात कोणी पाणी देत नव्हतं. मंग द्याले लागले. तं मी म्हटलं, आता मोजणी झाल्यावरच घेईन." आवाजात कडवटपणा नव्हता. जणू जुने टिपण वाचून दाखवावे तसे ते बोलले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या लोकांना वरच्या गटात खरोखर जायचे होते का?

घोषणा तर तीच होती. "औंदा वरच!" दर रविवारी, पहिल्या शिटीपासून. तिचा पुढारी एक रिक्षावाला होता. त्याचा आवाज असा की नदीपलीकडच्या लोकांना आमचा गोल त्याच्यामुळे कळे. आणि दर साली आम्ही तिसरे नाही तर चौथे येत असू, रेफ्रीला चार शिव्या देत असू, आणि पुढल्या साली पुन्हा "औंदा वरच". वरच्या गटात गेल्यावर काय होईल हे कोणी बोलत नसे. वरच्या गटाचे सगळे सामने नागपूरला, हिरवळीच्या मैदानावर, कामाच्या दिवशी, दुपारी होत. म्हणजे रविवार गेला, मोर्णेकाठचे मैदान गेले, साखळीही गेली. तिथे रेषा आखायला तिथली माणसे आहेत.

भूकरमापकांनी मात्र हे बोलून दाखवले. एका रविवारी मध्यंतरात ते रिक्षावाल्यासमोर वही उघडून उभे राहिले आणि त्याला विचारले, "वर जाचं का?"

"हे काय विचारनं झालं, साहेब? जाचंच."

"बुधवारी सकाळच्या गाडीनं नागपूरले वरच्या गटातला सामना पाहाले चाल मंग. मी जाऊन राहिलो. पाहून येऊ कसं असते ते."

रिक्षावाल्याने छाती ठोकून होकार दिला. वहीत नाव चढले. मग त्यांनी ओळीने सर्वांना विचारले, आणि चाळीसएक जणांनी नावे दिली. मीही दिले. बुधवारी सकाळी अकोला स्टेशनावर ते एकटे उभे होते. माझी त्या दिवशी महाविद्यालयात बैठक होती. ती टाळता आली असती. रिक्षावाल्याकडे शाळेची मुले होती. प्रत्येकाकडे काही ना काही होते. पुढच्या रविवारी त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. चहाच्या टपरीवर, स्वतः चहा न घेता, एवढेच म्हणाले: "लोकायले वर जाचं नाई. लोकायले 'औंदा वरच' म्हनाचं आहे."

हे वाक्य पन्नास माणसांनी ऐकले. पुढे जे घडले त्यात या एका वाक्याने त्यांचा घात केला.

त्या साली आम्ही कधी नव्हे ते वर जाण्याच्या बेतात आलो. शेवटचा सामना अमरावतीला, तिथल्याच क्लबशी. जिंकलो तर वर. बरोबरी झाली तरी नाही. अकोल्यातून तीन गाड्या भरून माणसे निघाली. ते एस.टी.ने आले, कारण लाइनमनने संघाच्या गाडीत बसू नये असा त्यांचा दंडक होता. अमरावतीच्या मैदानावर सकाळीच पाणी मारलेले होते. तीही काळीच माती. त्यावर चुना ताजा, जाड, ओलसर पडला होता. त्यांनी सामन्याआधी रेषेवरून एक बोट फिरवले, ते बघितले आणि म्हणाले, "चुना चांगला आहे. खूण ठेवते."

शेवटची चार मिनिटे उरली तेव्हा गोल एक-एक होते. मला खुर्चीवर बसवेना, म्हणून मी उठून रेषेच्या कडेने चालत कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत गेलो होतो. आमच्या गटात अशा गोष्टींना कोणी अडवत नसे. माझ्यापुढे तीन हातांवर ते, निशाण खाली धरून, पाय जुळवून. माझ्या मागे अकोल्याची माणसे. एवढ्यात आमचा डावा विंगर चेंडू घेऊन आमच्याच अंगावर धावत आला. चेंडू त्याच्या पायापुढे पळाला, गोलरेषेवरून गेला, पलीकडच्या काळ्या मातीवर टेकला, आणि तेथून त्याने तो पाय लांबवून आत ओढला आणि उचलून गोलसमोर टाकला. आमच्या सेंटरने डोके लावले. जाळी हलली.

ते निशाण उचलून उभे होते. चेंडू जाळीत गेल्यावर उचलले, असे स्मरणिका म्हणते. खोटे आहे. विंगरचा पाय चेंडूला दुसऱ्यांदा लागण्याआधी ते वर गेलेले होते. मी शेजारी होतो.

या क्षणाची मोबाईलवर फिरणारी चित्रफीत मला आजवर निदान वीस जणांनी दाखवली आहे. ती पलीकडच्या बाजूने, ऐंशी पावलांवरून, कोणाच्या तरी खांद्याआडून घेतलेली आहे. तिच्यात चेंडू रेषेवर दिसतो. ऐंशी पावलांवरून बांधही दोरीएवढा दिसतो. चेंडू बाहेर होता. पूर्ण बाहेर. चुना आणि चेंडू यांच्यामध्ये चार बोटे काळी माती मला दिसत होती.

आता मी एक गोष्ट लिहितो, जी स्मरणिकेत नाही आणि चित्रफितीतही नाही. निशाण दिसले त्या क्षणी माझ्यामागच्या माणसांमधून आधी शिवी आली नाही. आधी आला तो श्वास. बांध नक्की झाला की दोन्ही भावांच्या तोंडून जो श्वास सुटतो, तसा. शिव्या त्यानंतर आल्या. 'मैदान रडले' असे जे छापले आहे त्याला माझा आक्षेप आहे. मैदान रडले नाही. मैदान सुटले.

रेफ्रीने गोल नाकारला. सामना बरोबरीत संपला आणि आमची माणसे आत घुसली.

ते जागचे हलले नाहीत. त्यांनी डोक्यावरची पांढरी कापडी टोपी काढली आणि गोलरेषेच्या बाहेर, मातीवर, अलगद पालथी ठेवली. चेंडूने चुना उचलून नेला होता आणि पलीकडे टेकताना मातीवर त्याचा पांढरा शिक्का उठला होता. तो शिक्का त्यांनी टोपीखाली झाकला आणि त्या टोपीच्या पुढे पाय रोवून, बोडक्या डोक्याने ते उभे राहिले. खिशातून वही काढली, पेन्सिल काढली आणि लोक अंगावर ओरडत असताना त्यांनी त्या जागेचे टिपण काढायला घेतले. झेंड्यापासून किती, रेषेपासून किती. वरती लिहिले: पंचनामा.

त्यांच्या हिशेबी यात विचित्र काही नव्हते. तंटा उभा राहिला की खूण राखायची, टिपण काढायचे, पंचाची सही घ्यायची. चाळीस वर्षे त्यांनी हेच केले होते. फुटबॉलच्या मैदानावर पंचनामा करायचा असतो असे मानणारा माणूस या देशात तोच एक असेल.

लोक पिसाळले होते. कोणी म्हणाले, अमरावतीवाल्यांनी विकत घेतला, आपला तं चहाबी घेत नाई हा. कोणी म्हणाले, याला दिसत नाही. रिक्षावाला पुढे झाला. "तुमीच म्हणत होते ना, लोकायले वर जाचं नाई? झालं ना तुमच्या मनासारखं? चुना लावला ना क्लबले?" त्यात अमरावतीचे दोघे-तिघे टाळ्या वाजवून म्हणू लागले, "वा साहेब, माणूस असावा तं असा," आणि आगीत तेल पडले. मग आमच्यातल्या एकाने, माझ्या ओळखीच्या, माझ्या नात्यातल्या माणसाने म्हटले, "तुमच्या लोकायचं असंच असते. वर गेलेलं पाहावत नाई कोणाले."

त्यांनी वहीतून मान वर केली. त्या माणसाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "तुमी इथी होते. टोपी उचलतो. पाहा, आणि पंच म्हणून सही करा."

त्यांनी वही पुढे धरली. सगळे माझ्याकडे पाहत होते. ही सही केली असती तर त्या एका वाक्याला तिथल्या तिथे उत्तर मिळाले असते. गोल परत येणार नव्हता, वरचा गट मिळणार नव्हता. फक्त एका माणसाचे इमान जागच्या जागी सिद्ध झाले असते. हातभर अंतरावर टोपी होती.

मी म्हणालो, "माझे लक्ष नव्हते. मी पाहिले नाही."

हे मी प्रमाण मराठीत, सभेत बोलावे तसे, स्पष्ट बोललो. त्यालाच स्मरणिका खंबीरपणा म्हणते.

त्यांनी वही तशीच धरून ठेवली, बहुधा मी पुन्हा काही बोलेन म्हणून. मग कोणाचा तरी पाय आला आणि टोपी उडाली. त्या जागेवरून पाच-सहा जोडी पाय फिरले आणि माती नुसती माती राहिली. त्यांनी खाली वाकून टोपी घेतली, झटकली, पण डोक्यावर घातली नाही. टिपण पुरे केले, स्वतःची सही केली आणि वही मिटली.

परतताना आमच्या गाड्या मूर्तिजापूरच्या फाट्यावर थांबल्या. आलूबोंडे आले, चहा आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पराभूत माणसांना उत्साह चढू लागला. रिक्षावाल्याने त्यांच्या निशाण उचलण्याची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. पुढल्या साली संघात कोण हवा यावर वाद सुरू झाला. एवढ्यात अमरावतीहून येणारी एस.टी. समोरून गेली. खिडकीशी ते बसले होते, बोडक्या डोक्याने, समोर पाहत. नक्कल क्षणभर थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली. मीही हसलो असेन. नक्की आठवत नाही असे लिहिणे सोपे आहे, मला आठवते. हसलो.

'त्यानंतर त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली,' असे स्मरणिका म्हणते. हे तर इतके खोटे आहे की लिहिणाऱ्याला लाज वाटावी. पुढच्याच रविवारी सकाळी सातला ते साखळी घेऊन मैदानावर आले. त्या दिवशी सकाळीच एवढी गर्दी होती की तेवढी मी सामन्यालाही क्वचित पाहिली आहे. लोक तमाशा पाहायला आले होते. त्यांनी झेंड्यापाशी खुंटी ठोकली, साखळी सोडली आणि दुसरे टोक हातात धरून उभे राहिले. पाळी होती बाजार समितीतल्या एका हमालाची. तो खाली पाहू लागला. कोणी पुढे येईना. मी माझ्या खुर्चीत होतो. ते टोक त्यांच्या हातात लोंबत होते आणि ते एका एका माणसाच्या तोंडाकडे ओळीने पाहत होते; रागाने नव्हे, बांध कोठून सुरू होतो ते शोधावे तसे.

शेवटी रिक्षावाला पुढे आला. ज्याने आठवडाभर शहरभर त्यांची नक्कल केली होती तोच. त्याने त्यांच्या हातून टोक घेतले आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "धरतो न साहेब. मैदान तं आखाच लागते."

"ताठ धरा, ओढू नका," ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारी सामना सुरू झाला आणि पहिल्या शिटीला घोषणा उठली: पुढल्या साली वरच. इतक्या मोकळ्या गळ्याने ती मी कधी ऐकली नव्हती. त्यांचे टपरीवरचे वाक्य त्या दिवशी सिद्ध झाले. लाइनमन म्हणून मात्र त्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही. तो ठराव माझ्या अध्यक्षतेखाली झाला. रेषा आखण्याचे काम त्यांनी हात थरथरू लागेपर्यंत केले. मला भेटत तेव्हा नमस्कार करीत, मैदानाविषयी बोलत. त्या वहीचा विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही.

स्मरणिका हाती आली त्या दिवशी मी तिच्या संपादकाला घरी बोलावले. संपादक म्हणजे तोच डावा विंगर. आता पोट सुटले आहे, दोन दुकाने आहेत. मी त्याला बसायला सांगण्याआधी विचारले, "चेंडू बाहेर होता की नव्हता?"

"सर, आता कायले उकरून राहिले? सगळ्यायनं पाहिलं आहे ते."

"मी सगळ्यांना विचारत नाही. चेंडू तुझ्या पायात होता. तुला विचारतो."

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "बाहेर होता, सर."

"मग हे का छापले?"

"लोकायले तेच पायजे." आणि उठता उठता, उद्धटपणे नव्हे, त्याने मला विचारले, "तुमी काहून नाई सांगतलं तवा? तुमी तं झेंड्यापाशीच होते."

त्याचे उत्तर मी येथे देतो. लोकांना घाबरून मी खोटे बोललो असा समज होईल. तो मला अधिक सोयीचा आहे, पण खरा नाही. निशाण वर गेले तेव्हा सुटलेल्या त्या श्वासात माझा श्वास होता. अकरा वर्षे मी 'औंदा वरच' असे भाषणांत सांगितले होते, आणि निशाण दिसताच माझ्या मनात प्रथम आले ते हे, की रविवार वाचला, माझी खुर्ची वाचली, नागपूरला मला कोण ओळखते? हे मनात आलेल्या माणसाला त्या टोपीखाली पाहणे शक्य नव्हते. मी सही केली असती तर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले असते, आणि त्यांना तोंडे मोजता येत.

ते गेल्या हिवाळ्यात वारले. स्मरणिका निघाल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. ती मोर्शीला शिक्षिका आहे. मला वाटले, भांडायला आली असेल, आणि मी तयारीत होतो. तिने पिशवीतून ती वही काढून टेबलावर ठेवली. "काका, बाबाले वर जाचं नव्हतं असं छापलं आहे. तुमी हे पाहा."

वहीत नागपूरच्या मैदानाचे टिपण होते. एक नव्हे, त्या साली अनेक बुधवारी ते एकटेच जाऊन आले होते. कडुनिंबाची झाडे, नळ, स्टेशनापासूनची पायवाट, सारे मापून. रेषेच्या पूर्वेला झाडांची सावली तीन ते पाच या वेळेत कुठवर येते ते आखलेले. आणि त्या सावलीत बारीक अक्षरांत आमच्या लोकांची नावे. हमाल कुठे, मास्तर कुठे. रिक्षावाल्याला गोलजवळची जागा. शेजारी लिहिलेले, 'आवाज पोचतो.' एका झाडाच्या बुंध्याशी छोटा चौकोन आणि पुढे: 'अध्यक्ष – खुर्ची. पाठीवर ऊन येत नाही.'

वर जायचे होते ते त्या एकाच माणसाला. आणि निशाण उचलले तेही त्यानेच.

शेवटच्या पानावर पंचनामा होता. चार बोटे अंतर, ताजा चुना, दिशा, वेळ. खाली त्यांची सही. तिच्याखाली 'पंच' असे लिहून एक ओळ मोकळी.

मी पेन उघडले. तिने वहीवर हात ठेवला. "इथी नाई, काका. बाबा म्हणत, पंच उशिरा आला तरी चालते, पण त्यानं जागेवर यावं लागते."

गेल्या मंगळवारी आम्ही अमरावतीला गेलो. मला काठी लागते. तिने मला मैदानाच्या फाटकापासून कोपऱ्यातल्या झेंड्याच्या जागेपर्यंत हाताला धरून नेले. मैदान रिकामे होते, चुना पुसट. तिने वही उघडून मापे वाचली, पिशवीतून तीच साखळी काढली, आणि दुसरे टोक माझ्यापुढे धरले. इतक्या वर्षांत ते मी प्रथमच हातात घेत होतो. वाकावे लागले. तोल सावरण्यासाठी मी साखळी माझ्याकडे घट्ट खेचली.

"ताठ धरा, काका," ती म्हणाली. "ओढू नका."